माशाच्या अंगावरून त्याच्या जीनोमपर्यंत: एका गुणाचा माग कसा काढायचा

दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी दारात उभा राहतो आणि म्हणतो, "मॅडम, या माशाचा जीनोम करायचाय." मी विचारते, "कशासाठी?" तर म्हणतो, "अजून कुणी केला नाहीये." एवढ्या कारणावर अर्जाचं पहिलं पान भरतं, दुसऱ्या पानावर पेन अडतं.

जीनोम म्हणजे जिवाचा सगळा डीएनए. तो अक्षर अक्षर वाचणं, म्हणजे सिक्वेन्सिंग, हल्ली विकत मिळतं. नमुना पाठवायचा, पैसे भरायचे, काही आठवड्यांनी डेटा हातात येतो. घाम निघतो तो त्याच्या आधी आणि नंतर. माशाला हा काटा का नाही, हे खवलं का गेलं, डोळा कुठे गेला, अशा प्रश्नाचं उत्तर डीएनएत शोधायचं असेल तर काम कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, ते इथे पायरी पायरीने सांगते. उदाहरणाला घेतलाय स्टिकलबॅक, कारण याच्याइतका शेवटपर्यंत उलगडलेला मासा मला दुसरा माहीत नाही.

बोटाएवढा मासा. पाठीवर तीन काटे, पोटाखाली दोन, कुशीवर हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत. मूळचा उत्तरेकडच्या थंड समुद्रांतला. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हिमयुग सरलं, हिमनद्या वितळल्या, उत्तर अमेरिका आणि युरोपमध्ये हजारो नवी तळी आणि ओढे तयार झाले, आणि हा समुद्री मासा ठिकठिकाणी त्यांत शिरला. तळ्यात गेल्यावर बहुतेक ठिकाणी त्याचं चिलखत उतरलं. काही तळ्यांत पोटाखालचे काटेही गेले. एकच बदल, पण वेगवेगळ्या तळ्यांत स्वतंत्रपणे झालेला. हा निसर्गाने आपल्यासाठी शंभर वेळा करून ठेवलेला प्रयोगच आहे.

पहिली पायरी: गुण निवडा, मासा नंतर

"डोळे लहान", "रंग फिका" अशा गुणांनी हात पोळतात. किती लहान? कशाच्या मानाने? गुण असा हवा की दोन माणसांनी वेगवेगळं बसून मोजला तरी आकडा एकच यावा. पट्ट्या मोजता येतात, काटा आहे की नाही हे सांगता येतं.

दुसरी अट, गुण वारशाने जाणारा हवा. तळ्यातला मासा खायला कमी मिळालं म्हणूनही खुरटा राहू शकतो. हे तपासायचा जुना आणि खात्रीचा मार्ग म्हणजे दोन्हीकडच्या माशांची पिल्लं एकाच प्रकारच्या टाकीत, एकाच खाण्यावर, एकाच पाण्यात वाढवायची. फरक तरीही टिकला तर तो रक्तातला. यात एक-दोन वर्षं जातात आणि मार्गदर्शकही कधीकधी म्हणतात, राहू दे. राहू देऊ नका.

तिसरी अट कमी लोक पाळतात: तोच बदल निदान तीन-चार ठिकाणी स्वतंत्रपणे झालेला असावा. एकच तळं आणि एकच समुद्र यांची तुलना केली तर हजारो ठिकाणी डीएनए वेगळा दिसेल, आणि त्यातला बहुतेक फरक निव्वळ योगायोगाचा असेल. प्रत्येक तळ्यात तीच जागा पुन्हा पुन्हा वेगळी निघाली, तर मात्र कान टवकारायचे.

दुसरी पायरी: मोजणी

यावर थोडं रेंगाळते, कारण अख्ख्या प्रकल्पाची लाज इथे राखली जाते.

हाडं दिसण्यासाठी अलिझरिन रेड नावाचा रंग वापरतात. मासा फॉर्मालिनमध्ये पक्का करून घ्यायचा, वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवायचा, मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात चिमूटभर अलिझरिन घालून त्यात ठेवायचा. हाडातल्या कॅल्शियमला रंग धरतो, मांस फिकं राहतं. दुसऱ्या दिवशी मासा बाहेर काढला की कुशीवर उभ्या लाल पट्ट्या दिसतात, कौलं एकावर एक सरकवून बसवल्यासारख्या. समुद्रातल्या माशाला एका बाजूला तीसहून अधिक. तळ्यातल्याला बहुधा दहाच्या आत, त्याही फक्त पुढच्या बाजूला. मागचं अंग उघडं.

पण थांबा. फॉर्मालिनमध्ये टाकण्याआधी पराचा (पोहायच्या पंखाचा) तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवलात का? फॉर्मालिनने डीएनए खराब होतो. सुंदर रंगवलेले दोनशे मासे आणि एकाचाही नीट डीएनए नाही, ही वेळ येऊ देऊ नका.

दोन्ही बाजू मोजा, डावी वेगळी आणि उजवी वेगळी. बरणीवर तळ्याचं नाव न लिहिता नुसता क्रमांक लिहा, म्हणजे मोजणाऱ्याला मासा कुठला ते कळणार नाही. आपल्याला हवं ते दिसण्याचा मोह सगळ्यांना असतो. वीस-पंचवीस मासे आठवड्याने पुन्हा मोजून आकडे जुळतात का पाहा. डावी-उजवी वेगळी नोंदवायला मी का सांगतेय ते पुढे कळेल.

तिसरी पायरी: परवानग्या आणि नमुने

भारतात काम करणार असाल तर जाळं उचलण्याआधी कागद. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याची परवानगी लागते. जिवंत माशावर प्रयोग असेल तर संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी. आणि नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असतील, तर 2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. हे "नंतर बघू" म्हणून ठेवलं की शोधनिबंध छापायच्या वेळी अडकतं.

नमुना म्हणजे शेपटीच्या पराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. मासा सोडून देता येतो, पर पुन्हा वाढतो. तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलायचं, कारण मांसातलं पाणी बाहेर येऊन ते पातळ होतं. आणि लेबल? मी पहिल्या खेपेला नळ्यांवर झकास मार्करने नावं लिहिली होती. परतीच्या एसटीत एक नळी गळली आणि घरी पोचेपर्यंत सगळी नावं निळ्या डागात विरघळली होती. तेव्हापासून जाड कागदाची चिठ्ठी, त्यावर शिसपेन्सिलने क्रमांक, आणि चिठ्ठी नळीच्या आत. पेन्सिलीला अल्कोहोल काही करत नाही.

अख्खा नवा जीनोम जुळवायचा असेल तर एवढ्याने भागत नाही, त्याला लांबच लांब, न तुटलेला डीएनए लागतो. इथे मासे आपल्याला मदत करतात. माणसाच्या लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, माशाच्या असतं. त्यामुळे काही थेंब रक्तात भरपूर डीएनए मिळतो. रक्त किंवा ऊती द्रव नायट्रोजनमध्ये तत्काळ गोठवायची, आणि डीएनए काढताना नळी जोरात हलवायची नाही, पिपेटचं तोंड रुंद घ्यायचं. लांब धागे ओढले की तुटतात, शेवयांसारखे.

चौथी पायरी: किती वाचायचं, याचा हिशेब

स्टिकलबॅकचा जीनोम साधारण 46 कोटी अक्षरांचा (डीएनएची अक्षरं चारच: ए, टी, जी, सी). झेब्राफिशचा सुमारे 140 कोटी, ऑस्ट्रेलियन फुफ्फुसमाशाचा 4,000 कोटींच्या वर, माणसाच्या सुमारे चौदा पट. म्हणून आपल्या माशाच्या जीनोमचा आकार आधी माहीत हवा, नाहीतर अंदाजपत्रक कोसळतं.

प्रत्येक अक्षर सरासरी 30 वेळा वाचायचं असेल तर 46 कोटी गुणिले 30, म्हणजे 1,380 कोटी अक्षरांचा डेटा एका माशामागे. तीस वेळा कशाला? वाचण्यात चुका होतात. शिवाय प्रत्येक जागेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून, आणि दोन्ही पुरेशा वेळा दिसायला हव्यात.

ज्या जातीचा चांगला संदर्भ-जीनोम, म्हणजे बाकीच्यांची तुलना ज्याच्याशी करायची तो, आधीच उपलब्ध आहे, तिच्या अनेक माशांचं छोट्या तुकड्यांचं वाचन (दीडशे अक्षरांचे तुकडे) स्वस्तात होतं. संदर्भच नसेल तर एका माशाचं लांब वाचन करून घ्या, पंधरा-वीस हजार अक्षरांचे अचूक तुकडे, आणि तुकडे गुणसूत्रांवर बसवण्यासाठी सोबत हाय-सी (डीएनएचे कोणते भाग एकमेकांजवळ असतात ते सांगणारी पद्धत). पैसे मोजकेच असतील तर माझं मत स्पष्ट आहे: एक संदर्भ नीट करा आणि उरलेले पैसे जास्तीत जास्त माशांवर घाला. दहा जातींचे दहा अर्धवट जीनोम कुणाच्या कामाचे नाहीत.

पाचवी पायरी: जुळवणी, आणि तिच्यावर अविश्वास

जुळवणी म्हणजे एकाच पोथीच्या तीस प्रती फाडून त्यांचे कपटे एकत्र केले आणि त्यातून मूळ पोथी लावायची, असा खेळ. हायफायएएसएमसारखी प्रोग्रॅमं हे करतात. दर्जा सांगायला दोन आकडे विचारले जातात. पहिला एन50: सगळे जुळवलेले तुकडे मोठ्यापासून लहानापर्यंत मांडले आणि एकेक करत गेलं, तर ज्या तुकड्यापाशी निम्मा जीनोम भरतो त्याची लांबी. दुसरा बुस्को: हाडी माशांच्या 3,640 ठरावीक जनुकांपैकी किती पूर्ण सापडली. ती जनुकं एकेकदाच सापडायला हवीत. बरीचशी दोन-दोनदा दिसू लागली, तर आईची आणि बापाची प्रत दोन वेगळ्या जागा म्हणून जुळली गेल्याचा संशय घ्या.

माशांत आणखी एक गोम आहे. आजच्या बहुतेक हाडी माशांच्या समान पूर्वजात, 30 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, सगळा जीनोमच दुप्पट झाला. पुष्कळ जादा प्रती नंतर गळाल्या, काही राहिल्या. त्यामुळे माणसात एक असलेलं जनुक माशात दोन असू शकतं, आणि दोघांनी कामं वाटून घेतलेली असू शकतात. "माणसात हे जनुक अमुक करतं, म्हणजे माशातही" असं लिहिण्याआधी दुसरी प्रत आहे का, ते बघा.

सहावी पायरी: तुलना

सगळ्या माशांच्या डीएनएचे तुकडे संदर्भावर बसवायचे (बीडब्ल्यूए हा प्रोग्रॅम), फरक काढायचे (जीएटीके हा दुसरा), मग जीनोमभर सरकत जाऊन दर टप्प्याला विचारायचं: समुद्राचे मासे एकीकडे आणि सगळ्या तळ्यांचे दुसरीकडे, असे गट इथे पडतात का?

स्टिकलबॅकसाठी हे काम 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. अलास्काच्या बेअर पॉ तळ्यातल्या एका मादीचा संदर्भ-जीनोम, आणि समुद्रातले व गोड्या पाण्यातले मिळून आणखी 20 मासे. ठळक दिसलेल्या जागांपैकी प्रथिनाची अक्षरं बदललेल्या जागा थोड्याच निघाल्या. बहुतेक बदल जनुक कुठे आणि केव्हा चालू व्हायचं ते ठरवणाऱ्या भागांत, म्हणजे स्विचांमध्ये होते.

चिलखताची जागा त्याआधीच, 2005 मध्ये सापडली होती: चौथ्या गुणसूत्रावरचं एडा हे जनुक. तळ्यांतल्या माशांत या जनुकाची जी आवृत्ती आहे, ती बहुतेक ठिकाणी एकाच घराण्यातली, आणि तळ्यांपेक्षा कितीतरी जुनी आहे. समुद्रातल्या थोड्याशा माशांत ती लपून राहते. चिलखत पूर्ण असतं, पण एक प्रत वेगळी. असा मासा तळ्यात शिरला की नैसर्गिक निवडीला कच्चा माल तयारच असतो, नवं उत्परिवर्तन (डीएनएतला नवा बदल) व्हायची वाट पाहावी लागत नाही. अलास्कातल्या लोबर्ग तळ्यातले मासे 1982 मध्ये विष घालून मारले होते. नंतर समुद्राचे स्टिकलबॅक तिथे आपले आपण पोचले, आणि 1990 पासून मोजणी करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, दशकभरात, कमी पट्ट्यांचे मासे तिथे बहुसंख्य झाले.

हेच जनुक माणसात बिघडलं तर दात कमी येतात, केस विरळ राहतात, घाम येत नाही. सिंधमधल्या एका कुटुंबातल्या दहा पुरुषांची अशी नोंद खुद्द डार्विनने करून ठेवली आहे. सिंधच्या उन्हाळ्यात घामाशिवाय दिवस काढणारी माणसं आणि अलास्कातला उघड्या कुशीचा मासा एकाच जनुकापाशी भेटतात, हे मला अजूनही वर्गात सांगताना मजा येते.

या पायरीवरचा एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. छोटे तुकडे संदर्भावर बसवताना एकेका अक्षराचा बदल छान दिसतो, पण हजारभर अक्षरं सलग गायब असतील तर यादीत काहीच उमटत नाही. म्हणून आयजीव्ही हा बसवलेले तुकडे पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम उघडून प्रत्यक्ष बघा. एका माशात तुकड्यांची रास एकदम शून्यावर आली असेल, तर तिथे भोक आहे.

सातवी पायरी: संकर

तुलनेतून संशयित मिळतात, गुन्हेगार मिळत नाही. त्यासाठी दोन टोकांच्या माशांचं लग्न लावायचं आणि नातवंडांपर्यंत थांबायचं. नातवंडांत आजा-आजीचे डीएनए पत्ते पिसल्यासारखे मिसळलेले असतात, आणि कोणता तुकडा आला की कोणता गुण येतो, ते दिसतं.

पोटाखालच्या काट्यांचं गूढ असंच सुटलं. कॅनडाच्या पॅक्स्टन तळ्यातले काटे नसलेले मासे आणि जपानच्या समुद्रातले काटेवाले, यांच्या संकरातून बोट गेलं सातव्या गुणसूत्राच्या टोकाजवळच्या पिटक्स1 या जनुकाकडे. 2004 मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा गंमत अशी होती की दोन्ही माशांत त्याचं प्रथिन सारखंच होतं. फरक एवढाच की काटे नसलेल्या माशाच्या पोटापाशी ते जनुक चालूच होत नव्हतं. जबड्यात वगैरे होत होतं.

आता ती डावी-उजवी बाजू. पिटक्स1 बंद केलेल्या उंदरांचे मागचे पाय आखूड होतात, पण उजवा जास्त, डावा कमी. आणि तळ्यातल्या ज्या स्टिकलबॅकमध्ये पोटाखालच्या हाडाचा थोडासा अवशेष उरतो, त्यांत तो बहुधा डावीकडे मोठा असतो. डीएनएला हात लावण्याआधी, नुसत्या मोजणीतून मिळणारा हा पुरावा. दोन्ही बाजूंची बेरीज करून एकच आकडा लिहिला असता तर तो हरवला असता.

आठवी पायरी: परत बसवून बघा

2010 मध्ये तो स्विच सापडला. पिटक्स1 च्या शेजारचा छोटा भाग, जो जनुकाला फक्त पोटापाशी चालू करतो. काटे गमावलेल्या अनेक तळ्यांत हा भाग कापला गेलाय, आणि काप वेगवेगळ्या जागी आहेत, म्हणजे अपघात वेगवेगळे. जनुकच गेलं असतं तर जबडा आणि इतर अवयवही बिघडले असते. स्विच गेल्याने फक्त काटे गेले. संशोधकांनी समुद्री माशाचा स्विच पिटक्स1 ला जोडून काटे नसलेल्या माशाच्या अंड्यात टाकला, आणि त्या माशांना पोटाखालची हाडं फुटली. यापुढे वाद घालायला जागा उरत नाही. 2019 मध्ये असंही दिसलं की तिथला डीएनए मुळातच ठिसूळ आहे, टी-जी टी-जी अशा लांबलचक पुनरावृत्तीमुळे सहज तुटणारा. तोच भाग पुन्हा पुन्हा का गळतो, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

आपल्या माशाचा संकर होत नसेल तर? समुद्रघोड्याला पोटाखालचे पर नसतात. 2016 मध्ये त्याचा जीनोम वाचला तेव्हा टीबीएक्स4 हे जनुकच गायब दिसलं. झेब्राफिशमध्ये क्रिस्पर या जनुक-कात्रीने ते बंद केल्यावर त्याचेही ते पर गेले. पुरावा चांगला आहे, पण पूर्ण नाही. पर आधी दुसऱ्याच कारणाने गेले आणि निरुपयोगी झालेलं जनुक मागाहून गळालं, असंही असू शकतं. उलट मेक्सिकोच्या आंधळ्या गुहामाशांत साध्या संकराने केवढं सांगितलं ते पाहा: वेगवेगळ्या गुहांतल्या दोन आंधळ्या माशांची काही पिल्लं 2008 मध्ये डोळस निघाली. म्हणजे प्रत्येक गुहेत बिघाड वेगळ्या जनुकांत झालेला. एका गुहेत जे मोडलं होतं ते दुसरीने पुरवलं.

घरी बसून

प्रयोगशाळा नसली तरी यूसीएससीचा (कॅलिफोर्निया विद्यापीठ, सांता क्रूझ) जीनोम ब्राउझर हे संकेतस्थळ उघडा, जातींच्या यादीतून स्टिकलबॅक निवडा आणि चौथ्या गुणसूत्रावर 1,28,00,000 ते 1,28,20,000 या पट्ट्यात जा (गुणसूत्रांचे क्रमांक तिथे रोमन आहेत, आणि नव्या मांडणीत आकडा थोडा हलतो). एडा इथेच आहे. खालच्या पट्टीत इतर माशांशी तुलना दिसते. जनुकाचे ठोकळे जिथे आहेत तिथे साम्याचे उंचवटे येणारच. ठोकळा नसतानाही उंचवटा दिसेल ती जागा वहीत टिपा. स्विच शोधायची सुरुवात अशीच होते.

आणि आपल्याकडे काम करायचं म्हणाल, तर एक मासा मी कधीपासून मनात धरून आहे. इंडोरिओनेक्टीस एवेझार्डी, ओढ्यांच्या तळाशी दगडांत राहणारा छोटा लोच. फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाने 1872 मध्ये त्याचं वर्णन केलं ते पुण्याच्या माशांवरून. याच नावाने ओळखला जाणारा मासा बस्तरमधल्या कोटुमसरच्या गुहेतही राहतो, आणि तिथल्या माशांचे डोळे बारीक, रंग उडालेला. उघड्यावरचा आणि गुहेतला, दोन्ही आपल्याच मुलखात! जीनोम करायला हात शिवशिवतात. पण सह्याद्रीतून याच्या जवळच्या नव्या जाती अलीकडेच वेगळ्या काढल्या गेल्या आहेत. तेव्हा आधी पुण्याचे आणि कोटुमसरचे मासे मुळात एकाच जातीचे आहेत का, ते सीओआय या एका जनुकाच्या स्वस्तातल्या चाचणीने बघा. तोवर डोळ्याचा व्यास आणि डोक्याची लांबी दोन्ही बाजूंनी मोजायला घ्या, आणि चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा.